पात्यावरचं नाव

१

मेहकरात कोणाच्या घरी लग्न ठरलं की आठवडाभरात माझ्या दाराची कडी वाजायची. "बाई, रविवारी खामगावले चालता का? भांडी घ्यायची हायेत." मी मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवत होते, पण गावात माझी ख्याती होती ती भांड्यांच्या पारखीसाठी. पातेलं पाच बोटांवर तोलून धरायचं आणि टिचकी मारायची. नाद लांबला तर घ्यायचं, मध्येच बसला तर कुठेतरी बारीक चीर आहे. परात जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी दाबायची, डुगडुगली तर परत. कढईचे कान, झाऱ्याचा दांडा, तव्याचा मध्य, सगळं मी बघायची. रांधणाऱ्या बाईला काय लागतं याचा विचार न करता फुलाफुलांच्या कपबशा उचलून आणणाऱ्या लोकांचा मला राग यायचा. तसा मला राग कशाचाही यायचा. हे आधीच सांगितलेलं बरं.

१९६३च्या वैशाखात मी माझ्या शरयूसाठी खरेदीला गेले. शरयू माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण, सुलभा, सासरी वारली. पाय घसरला आणि डोकं पाट्यावर आपटलं, असं त्यांनी सांगितलं. तिच्या पाठीवर वळ कसे उठले ते कोणी सांगितलं नाही. तीन वर्षांची पोर त्यांनी माझ्या हवाली केली. आंदणाची भांडी मागितली तर सुलभाचा दीर म्हणाला, "नाव कुठं हाये त्याच्यावर?" नाव नव्हतं. लग्नाच्या घाईत राहून गेलं होतं. पोर कडेवर घेऊन मी तशीच परत आले, आणि शरयूच्या लग्नात चमच्यावरसुद्धा नाव घालायचं हे मी वाटेतच ठरवून टाकलं.

सगळी खरेदी झाल्यावर मी विळी घेतली. माझ्या घरच्या सैल पात्याच्या विळीवर शरयू सात वर्षांची असल्यापासून भाजी चिरत आली होती आणि तिच्या अंगठ्यावर त्याची खूण होती. ही नवी विळी सागवानी पाटाची, पातं जाड पोलादी. काम झालं की पातं आडवं पाडून ठेवायचं, चिरायला बसलं की उभं करायचं. उभं करताना 'खट्ट' असा स्वच्छ आवाज यायचा. दुकानदार कंटाळेपर्यंत मी तो आवाज ऐकला.

दुकानाच्या ओट्यावर मोतीराम बसायचा. छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्याने भांड्यांवर नावं घालायचा. त्याने निमूटपणे सगळ्या भांड्यांवर घातली, आणि विळी मात्र बाजूला सारली.

"पात्यावर नाव घालत नसतात, बाई."

"काऊन?"

"नसतात घालत. पाटावर घालून देतो."

"लाकूड उद्या कोणीही तासून काढील. पात्यावर घाल."

"मंग दुसऱ्या कोणाकून घालून घ्या."

भर बाजारात मी त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलले. माणसं थांबून बघायला लागली. शेवटी त्याने मान खाली घातली आणि पातं गुडघ्यात धरलं. जागा थोडी होती म्हणून दोनच शब्द घालायचे ठरले, 'शरयूस, सरस्वतीकडून'. पोलादावरून छिन्नी घसरत होती. काम संपल्यावर त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पोरीचं नाव वरवरच बसलं," तो म्हणाला. "तुमचं लय खोल गेलं."

"गेलं तर गेलं," मी म्हटलं आणि विळी पिशवीत टाकली.

२

साखरखेर्ड्याचं स्थळ. मुलगा चिंतामण, सोसायटीत कारकून, दिसायला नीटस. सासू सत्यभामाबाई. रुखवताच्या मांडणीपुढे उभं राहून त्यांनी एकेक भांडं उचलून पाहिलं आणि विळीपाशी थांबल्या.

"आंदणात विळी कोणी देते का हो, विहीणबाई?"

"भाजी तुमच्याकडे दातांनी चिरतात का?" मी म्हटलं. बायका हसल्या, सत्यभामाबाई हसल्या नाहीत. शरयूने खालमानेने माझा पदर ओढला. माझी जीभ अशीच, आणि तिची किंमत दुसऱ्याने द्यायची.

श्रावणात शरयूचं पत्र आलं. सगळं चांगलं आहे, परात जड आहे पण छान आहे, आणि शेवटी दोन ओळी. "मावशी, विळीचं पातं मी रोज आडवं करून ठेवते. दुपारी स्वयंपाकघरात जावं तर उभं असतं. सासूबाई मलाच बोलतात."

उभी विळी ठेवू नये हे आमच्या घरात पोरींना अक्षरांच्या आधी शिकवतात. शरयू ते विसरणार नाही हे मला ठाऊक होतं. मग खिळा सैल असणार. पातं सैल असलं तर खाली पडेल, आपोआप वर कसं उठेल, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मी तिला लिहिलं, लोहाराकडून खिळा ठोकून घे.

३

दिवाळीला शरयू आली. न्हाऊ घालताना मी तिचा डावा दंड पाहिला. कोपराच्या वर चार काळेनिळे डाग, पाचवा आतल्या बाजूला.

"हे काय?"

"दार लागलं."

"दाराला बोटं असतात का गं?"

ती रडली नाही. "ते चिडले की असं होतं," म्हणाली. "पण नंतर चांगले वागतात." मी तिला परत पाठवायची नाही म्हटलं तर तिने हात जोडले. भाऊबीज झाली आणि चिंतामण येऊन तिला घेऊन गेला. निघताना मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला नाही.

शाळा उघडली तेव्हा तो राग तसाच होता. एका दुपारी पोरी पाढे म्हणत होत्या, बाराचा चालू होता. मी खुर्चीत बसून चिंतामणच्या त्या पाच बोटांचा विचार करत होते. पाढ्यांचा आवाज लांब लांब गेला. पुन्हा ऐकू आला तेव्हा पोरी सोळाच्या पाढ्यावर होत्या आणि पुढच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. माझ्या उजव्या पायाचा तळवा ठणकत होता, आणि हातांना कांद्याचा वास येत होता. त्या दिवशी मी डब्यात नुसता दहीभात नेला होता.

चौथ्या दिवशी पत्र आलं. चिंतामणचा उजवा अंगठा गेला. पाण्याचा तांब्या घ्यायला खाली वाकला, बाजूला विळी उभी होती. हाडापर्यंत नाही, हाडासकट. तो तुकडा परातीत पडला तेव्हा परात वाजली, असं शरयूने लिहिलं होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. मग मी तारीख पाहिली आणि पत्राची घडी करून ठेवली. कांदा काय, शाळेत कोणाच्याही डब्यात असतो.

४

पौषात दुसरा प्रकार झाला. अंगठा गेल्यापासून अवदसा घरात आली म्हणून सत्यभामाबाईंनी शरयूला दोन दिवस उपाशी ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी उकळतं वरण तिच्या पायावर ओतलं. हे मला साखरखेर्ड्याहून बाजाराला आलेल्या शालूबाईने सांगितलं. त्यांच्या शेजारीच राहणारी ती बाई. "मले दिसलं म्हून सांगते, बाई. माह्यं नाव घेऊ नका."

रविवार होता, उन्ह अंगणात आलं होतं. शालूबाई गेल्यावर मी ओसरीवर तांदूळ निवडायला घेतले. सत्यभामाबाईंचे पाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचे पाय. खडे वेचता वेचता सुपातले तांदूळ दिसेनासे झाले, आणि दिसायला लागले तेव्हा उन्ह पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. उजव्या पायाच्या तळव्याला आडवी खोल खूण पडली होती, लाकडाची कड दाबल्यावर पडते तशी. मी तर जमिनीवर मांडी घालून बसले होते.

पत्र यायला पाच दिवस लागले. सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून बाहेर पडत असताना मागून दोन्ही टाचांच्या वरच्या शिरा कापल्या गेल्या. आडव्या, एका रेषेत. दवाखान्यात टाके घातले, पण आता त्या चालणार नाहीत.

"मी तेव्हा मागे विहिरीवर होते," शरयूने लिहिलं होतं. "घरात कोणी नव्हतं. पण सासूबाई म्हणतात, विळीवर बाई बसली होती. पाठमोरी. त्या सारख्या एकच विचारतात, तुझी मावशी कधी आली होती? मावशी, तू आली नव्हतीस ना?"

मी ते पत्र दहा वेळा वाचलं. मी मास्तरीण आहे. मेहकर आणि साखरखेर्डा यांच्यामध्ये किती मैल आहेत ते मी पोरींना शिकवते. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, हे काही शिकवायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला आणि विळी परत आणायला निघाले.

५

एसटीतून उतरले तेव्हा भर दुपार होती. घराचं दार उघडंच होतं. पहिल्या खोलीत खाटेवर सत्यभामाबाई पडल्या होत्या, पायांना पांढऱ्या पट्ट्या. मला पाहताच त्या कोपरांवर मागे सरकल्या, पार भिंतीला लागेपर्यंत.

"पुन्हा आली! चिंत्या, पुन्हा आली रे ती!"

मी त्यांच्याकडे न बघता आत गेले. मधली खोली अंधारी, तिथे घड्याळ वाजत होतं. पलीकडे स्वयंपाकघर. चुलीपाशी शरयू बसली होती, डावा पाय फडक्यात गुंडाळलेला. भिंतीशी विळी होती. आडवी.

"ही मी घेऊन जाते," मी म्हटलं आणि खाली वाकले. तेव्हा पाट पाहिला. पाय ठेवण्याच्या जागी सागवानाला खळगा पडला होता. पन्नास वर्षं कोणी रोज पाय दाबून बसलं तर पडेल तसा, आणि विळीला अजून वर्षही झालं नव्हतं. टाच, चवडा, बोटं, सगळं उमटलं होतं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. शरयूचं तसं नाही. सुलभाचं होतं, आणि माझं आहे. मी उजवा पाय त्यात ठेवला. कुठेही कमी-जास्त झाला नाही. लाकूड गरम होतं, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं.

तेवढ्यात चिंतामण आला. "मावशीबाई, आमच्या घरातली वस्तू उचलायची नाही."

"नाव माझं आहे तिच्यावर."

"नाव, नाव! हिच्या अंगावरबी घालून द्यायचं होतं मंग!" त्याने मला हात लावला नाही. वळला आणि डाव्या हाताने शरयूचे केस मुठीत धरले. ती ओरडली. त्याने तिचं डोकं पाट्याकडे खाली दाबलं. कोपऱ्यात पाटा होता, वर वाटलेलं खोबरं तसंच होतं. मी दारापर्यंत मागे सरले होते, मध्ये चार हातांचं अंतर होतं. त्या पाट्यावर मला शरयू दिसली नाही, सुलभा दिसली.

खट्ट.

फळीवर मीच दिलेली परात उभी टेकून ठेवली होती, राखेने घासून लख्ख. तीत मला विळी दिसली, आणि विळीवर बसलेली बाई. पाठमोरी. करड्या केसांचा बारका अंबाडा, आणि चोळीला डाव्या खांद्यावर ठिगळ. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. पण ते ठिगळ मी आदल्या आठवड्यात स्वतः लावलं होतं, रंगाचा धागा नव्हता म्हणून पांढऱ्या दोऱ्याने.

चिंतामण पडला. जमीन कोरडी होती, पायात काही आलं नव्हतं. मुठीतले केस सुटले आणि तो सरळ पुढे, विळीच्या उभ्या पात्यावर गळ्याने पडला. आवाज कोबी चिरताना होतो तेवढाच झाला. मग त्याचे पाय फरशीवर आपटायला लागले, चूल फुटली, राख उडाली, रक्ताची चिळकांडी फळीवरच्या सगळ्या भांड्यांवर गेली. मी जागची हलले नाही. हलले असते तर तो वाचला असता का, ते मला माहीत नाही. मला हलावंसं वाटलं नाही, हे माहीत आहे.

शरयू पाट्याला धरून उठली. ती चिंतामणकडे बघत नव्हती. विळीच्या पलीकडच्या बाजूला होती ती, बसलेल्या माणसाचं तोंड दिसेल अशा जागी. तिने तिथे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तिथे पाहिलं.

६

पाय घसरून पडला, असा पंचनामा झाला. स्वयंपाकघरात जाण्याचं धाडस सासरच्या कोणाला राहिलं नाही. तेराव्यानंतर त्यांनी शरयूला बैलगाडीत बसवून पाठवून दिलं, आणि तिच्याबरोबर नाव असलेली एकूण एक वस्तू. पातेली, परात, झारा, चमचे. एकही ठेवून घेतला नाही. मी ज्यासाठी नावं घातली होती ते अगदी तसंच झालं. सगळ्यात खाली, पोत्यात, विळी होती. कोणीतरी तिला चिंचेने घासलं होतं.

मी ती घेऊन खामगावला मोतीरामकडे गेले. त्याने मला ओळखलं. "नावं काढून दे," मी म्हटलं. त्याने कानस घेतली, दोन हात मारले आणि 'शरयूस' निघून गेलं. मग माझ्या नावाला लागला. उन्ह कलेपर्यंत तो घासत होता, पोलादाचा चुरा त्याच्या मांडीवर साचला, पातं तिथे पातळ झालं. अक्षरं तशीच होती.

"घेऊन जा, बाई," तो म्हणाला. "हे आरपार हाये."

मी ती पैनगंगेत टाकली नाही. नदीतून ती कोणाच्या हाती लागली तर? कोणा अनोळखी घरात, अनोळखी लोकांमध्ये मी बसून राहायचं? डोळ्यांसमोर असलेली बरी. सुतळीचे वेढे घालून, पोत्यात बांधून मी ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, ट्रंक स्वयंपाकघरात, आणि किल्ली माझ्या गळ्यात.

मग मी राग सोडला. लोक हसतील, पण ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. पोरी वर्गात गोंधळ घालायच्या, मी खिडकीबाहेर बघायची. दूधवाला पाणी घालायचा, मी "बरं" म्हणायची. गावात म्हणायला लागले, भाचीच्या दुःखाने बाई मऊ झाली. राग यायला लागला की मी मनात पाढे म्हणायची. बारापासून सोळापर्यंत गेले की बहुतेक वेळा उतरायचा.

माझ्या घरात आता दोनच माणसं होती. राग आला तर तो मला फक्त एकाच माणसाचा येऊ शकत होता.

७

शरयू घरातली सगळी कामं करायची, पण माझ्याशी बोलायची नाही. ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. पाच आठवडे असं चाललं.

परवा दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, मी तुझं तोंड पाहिलं होतं," ती म्हणाली.

मी सूप खाली ठेवलं नाही. "कसलं तोंड? मी दारात होते. तू पाहिलंस मला."

"दोन्हीकडे पाहिलं. दारातली घाबरलेली होती. खाली बसलेली हसत होती."

"शरयू, तो तुला मारून टाकणार होता."

"हो. आणि माझ्या आईला त्यांनी मारलं. पण ते हसत मारत होते की नाही, ते मला माहीत नाही. तुझं माहीत आहे." तिचा आवाज अगदी शांत होता. "मला तुझी भीती वाटते. त्याची वाटायची त्याहून जास्त."

बारा एके बारा. बारा दुणे चोवीस. मी म्हणायला सुरुवात केली होती, शपथेवर सांगते. पण मध्येच ते वर आलं. पावसापाण्यातून कडेवर आणलेली पोर. तिच्या तापात जागलेल्या रात्री. तिच्यासाठी मी लग्न केलं नाही, धड लुगडं नेसले नाही, आणि ही मला त्या लोकांच्या पंगतीत बसवते? डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ. तेवढ्यातच मी ते परत गिळलं, आणि तिच्याबद्दलची मायाच तेवढी उरली. मी "बाळा" म्हणणार होते.

ती पाणी प्यायला आत गेली होती.

खट्ट.

ट्रंकेतून आला असता तर आवाज दबका आला असता. पोत्यातून, सुतळीतून, पत्र्यातून. हा तसा नव्हता. खामगावच्या दुकानात मी ऐकला होता तसा हा स्वच्छ होता, लाकूड जमिनीवर नीट टेकलेलं असताना येतो तसा. गळ्यातली किल्ली मी चाचपली. होती. ओसरीच्या गार फरशीवर माझा उजवा पाय होता, आणि तळव्याला सागवान लागत होतं, गरम.

"शरयू!" मी ओरडले. "मागे वळू नको! बाहेर ये!"

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती बोलली, तीन वर्षांची होती तेव्हा बोलायची तितक्या बारीक आवाजात.

"मावशी, तू बाहेरच आहेस ना?"